जुनी बटनं बदलायला घेतली, एमसीबी पाडली, तरी टेस्टर पेटून राहिला

सपरीवरून | शनिवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. मी पुण्याला असतो, सध्या गावी आलोय, दारव्हा तालुक्यात. घर आजोबांच्या काळातलं. समोर सपरी, आत माजघर, वर माडी, अर्धं कवेलूचं अन् अर्धं टिनाचं. वायरिंग लाकडी पट्टीवरचं, मागच्या खोल्यांत नंतर केलेली केसिंगपट्टी. बोर्ड म्हणजे सागवानी खोके, त्यावर काळी बेकेलाइटची गोल बटनं. सपरीतल्या एका बटनाचं नाक तुटलंय, ते आई पेनाच्या टोपणानं वर-खाली करते. ते पाहिलं अन् ठरवलं की या सुट्टीत सगळी बटनं बदलायची.

काल बाजारातून नवी बटनं आणली. आज सकाळी एमसीबी पाडली (मीटरजवळ जुना लोखंडी मेन स्विच आहे, पण त्याचा दांडा गंजून जाम आहे, म्हणून काही वर्षांपूर्वी आत एक एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, बसवली होती). बोर्ड उघडला. चारही बटनांच्या खालच्या स्क्रूंवरून एक लाल वायर माळेसारखी ओवत गेलेली. वरच्या स्क्रूंमधून एकेक पिवळी वायर भिंतीकडे. काळी वायर बटनाला शिवतच नाही, बोर्डातून तशीच पुढं जाते.

आता खरी गंमत. सवयीनं टेस्टर लावून पाहिला तर काळी पेटली. लाल पण पेटली! एमसीबी पडलेली असताना. मग एमसीबी चालू करून पाहिली, तर लाल विझली अन् फक्त काळी पेटली. म्हणजे एमसीबी पाडली की दोन्हीत करंट, चालू केली की एकीत. टेस्टर बिघडला की माझं डोकं?

अजून दोन गोष्टी, संबंध आहे की नाही माहीत नाही. माजघरातला एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री काजव्यासारखा मिणमिणतो. अन् आई म्हणते, बटन बंद करून बल्ब काढला तरी होल्डरजवळ झिणझिणते. मी इतके दिवस "भिंत ओली असेल" म्हणून सोडून दिलं होतं.

बटनं जशी आहेत तशीच नव्याला जोडून टाकू का?

पऱ्हाटीवाला | शनिवार, ८:३०

भौ, येवढं काय घेऊन बसले. डबल फेज आला असन. आमच्या गावात दर पावसायात येते. जशी हाये तशी जोडून टाका, लाल लालले, काया कायाले. वायर काय बोलते का?

तीन_बावीस | शनिवार, ९:२०

सपरीवरून भाऊ, पेचकस खाली ठेवा. एमसीबी चालू की बंद ते सोडा, त्या बोर्डाला आज हात लावू नका. आईंना पण सांगून ठेवा.

मी आर्वीकडचा, ३४ वर्षं वायरमनकी केली. (नाव तीन-बावीस का, ते जुन्या लोकांना कळेल. तेव्हा दुकानात लाइटची वायर "३/२२ द्या" अशी मागायची, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा. पॉवरला ७/२०. आता सगळं चौरस मिलिमीटरमध्ये.)

पऱ्हाटीवाला भाऊ, राग मानू नका, पण "डबल फेज" हा आपल्या भागातला लाडका आजार आहे. दोन्ही वायरींवर टेस्टर पेटला की लोक म्हणतात दोन फेज आले. खरेच दोन वेगळे फेज घरात शिरले असते तर २३० च्या जागी ४०० व्होल्ट मिळाले असते, आणि यांना धाग्यावर लिहायला वेळच मिळाला नसता, बल्ब फटाफट उडाले असते. दोन्हीकडे टेस्टर पेटण्याचं नेहमीचं कारण एकच: न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठंतरी तुटलाय. फेज (करंट आणणारी वायर) पंख्यातून नाहीतर बल्बातून पार होतो, पलीकडच्या वायरीत येतो अन् तिथंच अडकतो. परत जायला वाट नाही. म्हणून ती वायर पण टेस्टर पेटवते.

आता तुमच्या घरात न्यूट्रल कोणी तोडला? तुम्हीच. एमसीबी पाडून.

मला शंका आहे ती सांगतो, पण आधी ही उत्तरं द्या. एमसीबी पाडली तेव्हा पंखा किंवा एखादा दिवा चालू राहिला होता का? दुसऱ्या बोर्डांतही काळीच पेटते का, की फक्त सपरीत? एमसीबी एका खांबाची (रुंदीनं एक बोट) की दोन खांबांची? इन्व्हर्टर आहे का? आणि मागच्या वर्षभरात पोलवर किंवा मीटरपाशी कोणी काही काम केलं का?

तपासताना बोर्ड उघडू नका. सॉकेटच्या भोकात टेस्टर घालून पाहिलं तरी पुरेसं आहे. पायात कोरडी चप्पल.

मेहकरची_लेक | शनिवार, १०:०५

इन्व्हर्टरचा मुद्दा काकांनी बरोबर काढला. आमच्या माहेरी बाबांनी मेन पाडला, किटकॅट (फ्यूजची काढता येणारी चिनी मातीची खिट्टी) काढून खिशात ठेवली (ही त्यांची सवय, कोणी नकळत मेन चालू करू नये म्हणून) आणि हॉलचं बटन उघडलं. इन्व्हर्टर चालूच होता. लाइन गेली समजून त्यानं इमानदारीनं बॅटरीवरून फेज दिला. बाबा स्टुलावरून खाली. हात वाचला, मनगटाला मुका मार.

तेव्हापासून आमच्याकडं मेन पाडायचा, इन्व्हर्टर समोरच्या बटनानं बंद करायचा आणि त्याची पिनही काढायची. नुसती पिन काढून भागत नाही आणि नुसतं बटन बंद करूनही भागत नाही. बटन बंद असलं तरी बऱ्याच इन्व्हर्टरांमधून मेनचा करंट सरळ पुढं जातो.

सपरीवरून | शनिवार, संध्याकाळी ६:४०

काका, उत्तरं.

पंखा चालूच होता. मी एमसीबी पाडली, तो थांबला, मी बोर्ड उघडला. पंख्याचं बटन बंद केलंच नव्हतं. आता तेही बंद करून एमसीबी पाडली तर लाल पेटत नाही, फक्त काळी पेटते.

सगळ्या बोर्डांत काळीच पेटते. माजघर, स्वयंपाकघर, माडी, सगळीकडे. एमसीबी एका बोटाची, तिच्यात लाल वायर. इन्व्हर्टर नाही.

पोलचं म्हणाल तर, मागच्या उन्हाळ्यात वादळात निंबाची फांदी पडून सर्व्हिस वायर तुटली होती. दोन दिवस अंधार होता म्हणे. मग गावातल्याच एकानं पोलवर चढून जोडून दिली. आईनं त्याला चहा पाजला, वरून पन्नास रुपये दिले. झिणझिण्या त्याच्यानंतरच्याच का, असं आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली अन् म्हणाली, "हो रे, आधी नव्हतं असं."

तीन_बावीस | शनिवार, रात्री ८:१५

झालं मग. सापडलं.

तुमच्या आजोबांच्या वायरमननं काम चोख केलंय, त्याला दोष नाही. त्यानं लाल फेज धरला, काळा न्यूट्रल, बटनं सगळी लालवर. जुन्या घरांत हीच रीत. पण पोलवर जोडणाऱ्यानं दोन वायरींची अदलाबदल केली. तेव्हापासून तुमच्या घरात लाल म्हणजे न्यूट्रल आणि काळा म्हणजे फेज. दिवे लागतात, पंखे फिरतात, मीटर फिरतो, म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. बल्बाला काय, करंट कोणत्या बाजूनं येतो याचं त्याला सोयरसुतक नाही.

पण बटनाला आहे. बटन म्हणजे एका वायरीवर बसवलेलं फाटक. फेज बटनात येतो, बटनातून निघून होल्डरला जातो (वरच्या स्क्रूतली ती पिवळी, तिला आमच्यात हाफ वायर म्हणतात), होल्डरमधून न्यूट्रलनं परत. फाटक फेजवर असलं तर बटन बंद केल्यावर होल्डर मेलेला असतो. फाटक न्यूट्रलवर असलं तर बल्ब विझतो खरा, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट येऊन उभे असतात. आईंना झिणझिणत होतं ते यामुळं. ओल्या भिंतीचा यात थोडा हात असेल, पण गुन्हेगार ती नाही.

आता याहून वाईट गोष्ट. तुमची एमसीबी एका खांबाची, तीही लालवर. म्हणजे ती न्यूट्रल तोडते. तुम्ही एमसीबी पाडून "बंद केलं" म्हणता तेव्हा सगळ्या घरात काळ्या वायरीतून फेज जिवंतच असतो. पंख्याचं बटन चालू राहिल्यामुळं तो पंख्याच्या वायंडिंगमधून लालमध्ये पण उतरला, म्हणून दोन्ही पेटल्या. टेस्टर शहाणा आहे, तुमचं डोकंही ठीक आहे. आणखी एक: उद्या कूलरच्या पत्र्याला फेज लागला आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जाऊ लागला, तरी ही एमसीबी पडणार नाही, कारण तो करंट तिच्यातून जातच नाही.

म्हणून भारतीय वीज नियम १९५६ च्या ३२ व्या नियमात स्पष्ट होतं की न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटं बटन लावायचं नाही. लावायचं तर दोन्ही वायरी एकदमच तुटतील असंच. तुमचा तो गंजलेला लोखंडी मेन तसाच असतो, दोन्ही वायरी तोडणारा. म्हाताऱ्याला निकामी केलं अन् पोराच्या हाती कारभार दिला.

पऱ्हाटीवाला | शनिवार, रात्री ८:४०

काका, मंग प्रत्येक बोर्डात लाल-काया बदलून टाकला का झालं ना? पोलवर कोन चढते.

तीन_बावीस | शनिवार, रात्री ९:००

अजिबात नको. पाच बोर्डांत दहा ठिकाणी चुकीवर चूक कराल. अन् उद्या लाइनमननं पोलवर सरळ केलं की पुन्हा सगळं उलटं. खोट जिथं आहे तिथंच काढायची.

आणि ती जागा आपली नाही. पोलपासून मीटरपर्यंतचं काम वितरण कंपनीचं. मीटरचं सील तोडायचं नाही, पोलवर कोणाला चढवायचं नाही, पन्नासाचे पाचशे दिले तरी नाही. महावितरणचा १९१२ नंबर आहे, किंवा तुमच्या भागाच्या कार्यालयात अर्ज द्या: "सर्व्हिस वायरची फेज-न्यूट्रल उलट जोडणी दुरुस्त करावी." एवढं एक वाक्य पुरे.

कॅपॅसिटर | शनिवार, रात्री १०:१०

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे मिणमिणत्या बल्बावर न बोलणं अवघड आहे.

तुमच्या बंद बल्बापर्यंत फेज पोचलेला आहे. बल्बाच्या पलीकडची वायर बटनापर्यंत जाते आणि तिथं संपते. पण ती वायर भिंतीवरून, ओल्या मातीजवळून, दुसऱ्या वायरींच्या शेजारून जाते. त्या वाटेनं अगदी बारीक करंट झिरपतो. काही मिलीअँपिअरही नाही, त्याहून कमी. साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाला पेटायला पाव अँपिअर लागायचा, तेव्हा हा झिरपा कोणाला दिसायचा नाही. एलईडीच्या आतला छोटा कॅपॅसिटर मात्र तो थेंब-थेंब साठवतो अन् दिवा मिणमिणतो. काही बल्ब मिणमिणण्याऐवजी दर दोन-चार सेकंदांनी डोळा मारतात, ते याच कारणानं.

एक सावधगिरी: एलईडी मिणमिणला म्हणजे बटन न्यूट्रलवरच आहे असा निष्कर्ष काढू नका. लाल इंडिकेटर असलेल्या बटनातही असं होतं, वायर फार लांब असेल तरी होतं. इथं तीन पुरावे एकत्र आले म्हणून काकांनी छातीठोक सांगितलं.

खसची_ताटी | रविवार, सकाळी ७:१५

कूलरचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्याकडं काटोलला मार्चअखेर कूलर बाहेर निघतात, लोखंडी अंगाचे. दर उन्हाळ्यात पेपरात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी असतेच, बहुतेक बाई नाहीतर लेकरू, पाणी भरताना. सपरीवरून दादा, तुमच्या घरात कूलर दोन पिनच्या प्लगवर असेल तर तो आजच बंद करा. दोन पिनी कशाही घालता येतात, त्यामुळं त्याच्या बटनावर फेज येतो की न्यूट्रल हा निव्वळ नशिबाचा भाग. वर तुमची वायरिंगच उलटी. पाणी भरायचं असेल तर बटनावर विश्वास नको, पिन उपटूनच भरायचं. आमच्या घरी लेकरांनाही हाच नियम.

तीन_बावीस | रविवार, सकाळी ८:००

ताई, लाखात एक बोललात. तीन पिनचा प्लग, तिसऱ्या पिनीला खरंच जमिनीपर्यंत पोचलेली अर्थिंग, आणि मीटरनंतर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. आरसीसीबी फेज-न्यूट्रल दोन्ही तोडते आणि जाणारा-येणारा करंट सारखा नसला की पडते. नव्या बटनांवर हजार रुपये घालण्याआधी तेच पैसे इथं घाला.

सपरीवरून | बुधवार, दुपारी ३:३०

अपडेट. रविवारी तक्रार नोंदवली, काल लाइनमन आले. पोलवर दोन वायरी सरळ केल्या, पंधरा मिनिटांचं काम. आता सगळ्या बोर्डांत लाल पेटते, काळी नाही. माजघरातला काजवा पहिल्याच रात्री मेला. तालुक्याहून परवानाधारक वायरमन बोलावला, त्यानं जाम झालेला मेन काढला, दोन खांबांची एमसीबी आणि आरसीसीबी बसवली, अर्थिंगचा खड्डा नवा केला. कूलरला तीन पिनचा प्लग.

वायरमन म्हणाला बटनंही मीच बदलतो, बोर्डामागे इतके. पण ते मला स्वतः करायचं आहे. कायद्यानं चालतं का?

कॅपॅसिटर | बुधवार, ४:१०

चालतं. त्याच १९५६ च्या नियमांतला ४५ वा नियम सांगायचा की वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटनं बदलणं याला सूट, जोवर मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही तोवर. २०१० च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांतही ही सूट तशीच आली. म्हणजे बटनाच्या जागी बटन चालेल. नवा पॉइंट ओढला तर नाही.

सपरीवरून | बुधवार, रात्री ९:००

मग पुढचा प्रश्न. जिन्याच्या खाली एक अन् माडीवर एक, अशी दोन बटनं एकाच दिव्याची. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. खालचं उघडलं (मेन पाडून, किटकॅट नाही तर काय झालं, मेनच्या पेटीला कुलूप लावून चावी खिशात). त्यात तीन वायरी, एक लाल, दोन काळ्या. या काळ्या न्यूट्रल समजायच्या का?

तीन_बावीस | बुधवार, रात्री ९:२५

मुळीच नाही, आणि इथंच बहुतेक लोक मार खातात. बटनातली काळी वायर न्यूट्रल असेलच असं नाही. जुना वायरमन हाताशी असलेल्या बंडलातून वायर कापायचा. रंगावर जाऊ नका, वायर कुठून येते अन् कुठं जाते ते पाहा.

कॅपॅसिटर | बुधवार, रात्री ९:५०

टू-वे बटन समजायला वावराची कल्पना करा. गाव आणि वावर यांच्यामध्ये दोन पांदणी आहेत. गावाच्या टोकाला एक फाटक आहे, ते एका वेळी एकच पांदण उघडतं, दुसरी आपोआप बंद. वावराच्या टोकालाही तसंच फाटक. दोन्ही फाटकं एकाच पांदणीकडे उघडी असतील तरच बैलगाडी पोचते. वेगवेगळ्या पांदणींकडे असतील तर मध्येच अडकते. कोणत्याही टोकाचं फाटक फिरवा, अवस्था बदलते. म्हणूनच या बटनात "वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू" असा ठराव नसतो.

लाल वायर म्हणजे गाव, दोन काळ्या म्हणजे दोन पांदणी. वरच्या बटनातही तीन असतील, त्यात गावाच्या जागी दिव्याकडे जाणारी हाफ वायर.

तीन_बावीस | बुधवार, रात्री १०:१५

सर, ही पांदण मी पोरांना शिकवताना वापरणार.

भाऊ, म्हणजे काम एवढंच: एकटी वायर कोणती ते चुकायचं नाही. जुनं बटन सोडवण्याआधीच तिच्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळा आणि मोबाइलनं फोटो काढा. जुन्या गोल बटनात बहुधा एक स्क्रू एका बाजूला एकटा असतो आणि दोन समोर जोडीनं. तुमच्या नव्या बटनात तीन स्क्रू एका ओळीत असतील, त्यात मधला एकटीचा. मधल्यावर चुकून पांदण जोडली तर दिवा एका ठरावीक स्थितीतच लागेल, मग दोन दिवस डोकं खाजवत बसाल.

एक इशारा मात्र देतो. वायर वाचवायला काही जुन्या मिस्त्रींनी जिन्यात वेगळाच खेळ केलेला असतो. प्रत्येक बटनात फेज आणि न्यूट्रल दोन्ही आणून सोडायचे आणि दिवा दोन बटनांच्या मध्ये. दिवा लागतो-विझतो बरोबर, पण विझलेला असताना कधी कधी त्याच्या दोन्ही टोकांना फेज असतो, आणि बटनात आतल्या आत ठिणगी उडाली तर थेट शॉर्ट. मी दोन घरांत पाहिलंय. म्हणून जोडण्याआधी, मेन चालू करून, कोणत्याही वायरीला न शिवता, टेस्टरनं पाहा. खालच्या बटनात एकटी वायर कायम पेटती पाहिजे आणि पांदणींपैकी बटनाच्या स्थितीप्रमाणे एकच. एखादी पांदण अजिबात न पेटणारी, उलट टेस्ट लॅम्पचं (दोन मोकळ्या वायरींचा तपासणीचा बल्ब) एक टोक तिला अन् दुसरं फेजला लावलं की तो उजळवणारी निघाली तर बटन बदलू नका, ते वायरिंगच बदला. ते काम तुमच्या वायरमनचं.

पऱ्हाटीवाला | गुरुवार, सकाळी ७:००

काका, टेस्टर पेटला नाई म्हंजे वायर मेली असं धरून चालते का? म्या तर तसंच करतो.

तीन_बावीस | गुरुवार, सकाळी ७:३०

म्हणूनच तुमची काळजी वाटते हो. टेस्टरमधला निऑन फुटका असू शकतो, उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर तो अगदी मंद पेटतो. आधी जिवंत सॉकेटमध्ये लावून पाहायचा, पेटला पाहिजे. मग बंद केलेल्या वायरीवर. मग पुन्हा त्याच जिवंत सॉकेटमध्ये. तिसऱ्यांदा पेटला तरच मधल्या "नाही"वर विश्वास. मेन पाडल्यावर जिवंत सॉकेट घरात नसेल तर शेजाऱ्याकडचं चालेल.

मेहकरची_लेक | गुरुवार, ९:४०

दादा, वायर तांब्याची आहे की अ‍ॅल्युमिनियमची ते पाहिलंत का? आमच्या जुन्या घरात पांढरी निघाली. दोनदा वाकवली की खडूसारखी तुटते.

सपरीवरून | शनिवार, रात्री ८:००

ताई, तुम्ही आधी का नाही सांगितलं! मागच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमच निघाली. पहिलीच वायर जुन्या स्क्रूतून काढताना तुटली, बोर्डात फक्त बोटभर उरली. पट्टीवरच्या दोन क्लिपा उचकटून थोडी ढील मिळवली. त्या खोलीची वायरिंग पावसाळ्याआधी तांब्याची करून घेणार, तोवर ती बटनं जुनीच. दोन धातू एका स्क्रूखाली गुंडाळू नका असं वायरमनही म्हणाला, तिथं गंज चढून सांधा तापतो म्हणे.

बाकी तीन बोर्ड झाले. लाकडी खोके काढून पीव्हीसीचे लावले, गिट्ट्या मात्र मातीच्या भिंतीत टिकेनात, शेवटी लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. बटनं ६ अँपिअरची, आयएसआय छापाची. पहिल्या बोर्डाला मला पावणेदोन तास लागले, तिसऱ्याला पंचवीस मिनिटं. पहिल्यात लालची माळ मध्येच तोडून बसलो होतो, त्यामुळं पुढचं स्वयंपाकघर अंधारात. आई आतून ओरडली, "पोळ्या अर्ध्या राहिल्या!" आता तार सोलताना नखाएवढीच सोलतो, पीळ देऊन दुमडतो, स्क्रू आवळल्यावर एकदा ओढून पाहतो. एकही केस बाहेर राहू देत नाही.

जिना पांदणीचाच निघाला, काकांच्या भीतीचा नव्हे. मधला स्क्रू पहिल्याच झटक्यात बरोबर.

एकच अडलंय. देवघराचं गोल बटन आई बदलू देत नाही. तिला डोळ्यानं कमी दिसतं. म्हणते, त्याचा "टक" आवाज आला की दिवा लागला हे मला कळते, तुझं नवं बटन मुकं आहे. काय करू?

खसची_ताटी | शनिवार, रात्री ८:२०

ठेवा हो ते. एवढ्या बटनांत एक जुनं राहिलं तर काय बिघडलं.

तीन_बावीस | शनिवार, रात्री ८:४५

ठेवा, पण तसंच नको. मेन पाडून त्याचं गोल झाकण फिरवून काढा. आत पितळी पत्ती असते, आणि तिला उडवणारी स्प्रिंग, तो "टक" तिचाच. पत्ती पिवळी दिसली अन् बेकेलाइटला तडा नसेल तर झाकण पुसून परत लावा, अजून बरीच वर्षं चालेल. पत्ती काळी पडली असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर आर्वीच्या बाजारात एका जुन्या दुकानात अजून तसली गोल बटनं मिळतात. कप्प्यात धूळ खात पडलीत. फोटो टाका, मी पाहून सांगतो, लागलंच तर एक घेऊन ठेवतो.